जावा-येझदीचे पुढे काय? आमच्या उस्तादांना विचारा

माझ्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर म्हटला की मोहल्ल्यात हे काम आपोआप अंगावर येते. रेशनकार्डात नाव वाढवायचे, शिष्यवृत्ती अडकली, घरपट्टीत चूक झाली, दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करायची. गेल्या महिन्यात मात्र वेगळाच अर्ज आला. आमच्या मिरजेतल्या गॅरेजवाल्या उस्तादांचा मुलगा दारात उभा राहिला. कधीकाळी आठवीत माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, आता आयटीआय करून बापाच्या हाताखाली काम करतो. म्हणाला, "सर, एक अर्जी लिखके देव. जावा कंपनीकू. ट्रेनिंग मांगनेका है."

त्याला नव्या जावा आणि येझदी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण हवे होते. फुकट नको, खर्च स्वतः करणार. नोकरीही मागायची नव्हती. गॅरेज आपलेच ठेवायचे, फक्त नव्या गाड्या उघडायला शिकायचे. "वरील विषयास अनुसरून" असे लिहून मी दोन परिच्छेद सरळ लिहिले आणि तिथेच थांबलो. या पोराने मागितलेली गोष्ट त्याच्यापेक्षा त्या कंपनीलाच जास्त गरजेची आहे असे वाटायला लागले. ते अर्जात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी सांगतो की मी गाड्यांतला जाणकार नाही. शाळेत स्कूटरने जातो. पण येझदीशी माझे जुने नाते आहे. अब्बांकडे रोडकिंग होती, १९८४ साली पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली. अब्बा कापडाचा बाजार करायचे. कवठेमहांकाळ, जत, आणि पलीकडे कर्नाटकात अथणी. मागच्या सीटवर चादरीत बांधलेले दोन गठ्ठे, आणि सुट्टी असली की पुढे टाकीवर मी. त्या गाडीचा गियर आणि किक एकाच दांडीत. आत दाबून वर फिरवली की तीच किक, खाली आणली की तोच गियर. अनोळखी माणसाला किक सापडायचीच नाही, आणि म्हणून ही गाडी चोरीला जात नाही असे अब्बा अभिमानाने सांगायचे. दोन सायलेन्सर, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास, आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की अम्मी चहाचे आधण ठेवायची.

आठवणींचा मोह होतो, म्हणून दुसरी बाजूही सांगून टाकतो. गाडी धूर सोडायची. लिटरला तीस किलोमीटर मिळाले तर अब्बा खूश असायचे. हेडलाइट इतका मिणमिणता की रात्री अथणीहून येताना चांदण्याचा भरवसा जास्त. पावसाळ्यात पॉइंट ओले झाले की अब्बा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून ते पुसत, मी छत्री धरून उभा. "तशी गाडी पुन्हा होणे नाही" म्हणणारे खूप भेटतात. तशीच्या तशी पुन्हा होऊही नये. दोन-स्ट्रोकच्या धुरात आपल्या लेकरांना फिरवायची हौस कुणाला आहे?

आता थोडा इतिहास, कारण नव्या पिढीला ही गाडी २०१८ साली जन्मली असे वाटते. जावा मूळची प्रागची. १९२९ साली फ्रांतिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकल विभाग विकत घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' केले. चेक भाषेत खरे तर 'यावा'. भारतात ती रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी आणली. मैसूरला आयडियल जावा हा कारखाना १९६१ पासून गाड्या काढू लागला. सत्तरच्या दशकात नाव बदलून 'येझदी' झाले. इराणी घराण्याचे मूळ ज्या यज्द शहराकडचे, त्यावरून हे नाव घेतले असे सांगतात. उर्दू शिकवणाऱ्याला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. उर्दू शायरीत देवासाठी येणारा 'यजदान' हा शब्द त्याच कुळातला, आणि अवेस्तातला 'यजत' हा संस्कृतातल्या 'यज्'चा सख्खा भाऊ, म्हणजे आपल्या 'यज्ञा'चाही. पारशी कुटुंबाने इराणातल्या गावाचे नाव चेक गाडीला देऊन ती कन्नड मुलखात बनवली, आणि मिरजेचा मुसलमान व्यापारी तिच्यावर कापड लादून बाजाराला गेला. वर्गात 'मिलीजुली संस्कृती' शिकवताना मला हे उदाहरण द्यावेसे वाटते, पण ते पाठ्यपुस्तकात नाही.

१९८५ला हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली आणि लोक लिटरचा हिशेब मांडू लागले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कारखान्यात कामगारांशी तंटे झाले, तोटा वाढला. १९९६ साली मैसूरचा कारखाना बंद पडला.

माझा मुद्दा खरे तर इथून सुरू होतो. १९९६ ते २०१८. बावीस वर्षे या गाडीला कंपनी नव्हती. शोरूम नव्हती, जाहिरात नव्हती, कारखान्यातून एक नटसुद्धा बाहेर पडत नव्हता. तरी ती रस्त्यावर होती. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस साजरा करायला गावोगावचे मालक गाड्या काढून एकत्र येत राहिले. मेलेल्या कंपनीची गाडी बावीस वर्षे जिवंत राहिली, ती कुणामुळे?

आमच्या उस्तादांसारख्यांमुळे. बाराव्या वर्षी शागिर्द म्हणून लागलेला हा माणूस आज अडुसष्ट वर्षांचा आहे. गॅरेज म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली. तिच्या मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे लावलेले आहेत आणि त्या डब्यांत मैसूरचा अर्धा कारखाना आहे. भंगारात गेलेल्या गाड्यांचे गियर, स्प्रिंगा, कार्ब्युरेटरची झाकणे. पार्ट मिळेना झाले तेव्हा उस्तादांनी लेथवाल्याला नमुना देऊन बुश बनवून घेतले. क्रँकचे काम आले की कोल्हापूरला उद्यमनगरात न्यायचे, दिवसभर तिथे बसून करून आणायचे. सायलेन्सरात काजळी साचली की जाळून साफ करायचे. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. त्यांच्या बरोबरीचे तिघे होते, त्यातले दोघे अल्लाला प्यारे झाले. आता उस्तादांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि बारीक काम मुलगा करतो.

कंपन्या ज्याला 'हेरिटेज' म्हणतात ते माझ्या मते या पत्र्याच्या डब्यांत आहे. टाकीच्या गोलाईत आहे, क्रोमच्या पट्टीतही असेल, पण गोलाई कुणालाही काढता येते.

२०१८च्या १५ नोव्हेंबरला जावा परत आली. महिंद्रा समूहाची मोठी भागीदारी, सोबत अनुपम थरेजा आणि रुस्तम इराणींचे चिरंजीव बोमन इराणी, अशी क्लासिक लेजंड्स ही कंपनी. जावा हे नाव चेक कंपनीकडून परवान्याने घेतलेले. गाडी बनणार मध्य प्रदेशात पीथमपूरला, म्हणजे जो कारखाना महिंद्राकडे कायनेटिककडून आला होता तिथेच. दोन-स्ट्रोक गेले, त्या जागी २९३ सीसीचे, पाण्याने थंड होणारे चार-स्ट्रोक इंजिन आले. किंमत एक लाख चौसष्ट हजार, आणि 'फॉर्टी टू' नावाच्या भावंडाची एक लाख पंचावन्न हजार. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी मला मोबाइलवर फोटो दाखवला होता. खोटे कशाला बोलू, मरून रंगाची ती गाडी पाहून माझ्या घशात काहीतरी आले.

लोक तुटून पडले. पाच हजार भरून ऑनलाइन बुकिंग होते. डिसेंबर संपायच्या आत कंपनीला जाहीर करावे लागले की पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा माल संपला, बुकिंग बंद. म्हणजे पाहुणे मांडवात येऊन बसले आणि देग अजून चुलीवर चढायची होती. आमच्याकडे दावतीत असे झाले तर यजमानाचे नाव पुढची दहा वर्षे निघते. वाट पाहणाऱ्यांतले अनेकजण दुसरीकडे वळले. २०२० साली होंडाने साडेतीनशेची गाडी आणली. २०२३ला बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनलेली चारशेची ट्रायम्फ आली. आणि रॉयल एनफिल्ड तर होतीच. तिने २०२४-२५ या एका वर्षात दहा लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. जावा-येझदी त्या आकड्याच्या आसपासही नाही.

यावर कंपनीने जे केले ते मला पटत नाही. एक गाडी नीट रुजायच्या आत दुसरी, दुसरी रुजायच्या आत तिसरी. पेराक, बॉबर, २०२२ला येझदीचे नाव परत आणून एकाच दिवशी तीन गाड्या, पुढे जावा ३५०, मग 'एफजे', आणि २०२४च्या १५ ऑगस्टला साडेसहाशे सीसीची बीएसए गोल्ड स्टार. तीन जुनी नावे आणि तीन वेगवेगळ्या आकारांची इंजिने. प्रत्येक नव्या गाडीमागे नव्या पार्टांची यादी असते. ती यादी सांगलीच्या, लातूरच्या, परभणीच्या दुकानात कुणीतरी साठवावी लागते. मोठ्या शहरातला हौशी माणूस पार्टासाठी पंधरा दिवस थांबेल, त्याच्याकडे दुसरी गाडी असते. कापडाचे गठ्ठे नेणारा थांबू शकत नाही.

एनफिल्डचे उदाहरण सगळेच देतात, पण त्यातले सोयीचे तेवढेच घेतात. २००० सालाच्या आसपास एनफिल्ड बंद पडायच्या बेतात होती. सिद्धार्थ लाल या सव्वीस वर्षांच्या मुलाने ती हातात घेतली. पुढे आयशर समूहाच्या पंधरा व्यवसायांपैकी तेरा त्याने सोडून दिले आणि ट्रक व बुलेट एवढेच धरले. आधी काय सोडायचे ते ठरवले, मग काय वाढवायचे ते. आणि त्याच्याकडे एक गोष्ट आयती होती. बुलेटचे उत्पादन १९५५ पासून कधी थांबलेच नव्हते, त्यामुळे गावोगावी बुलेटचा मिस्त्री होता. इंजिन बदलले, किक गेली, डावीकडचा ब्रेक उजवीकडे आला, तरी मिस्त्री सोबत सरकत राहिला. जावाकडे ही साखळी २०१८ साली होती, म्हातारी झालेली का होईना. नवी शोरूम काढताना जुन्या उस्तादाला आत बोलवायचे होते. उद्घाटनाच्या फोटोत जुनी गाडी शेजारी उभी करतात, तसे तिला आजवर चालवत ठेवणाऱ्याला कुणी उभे केले का?

मिरजेत राहणाऱ्याला ही गोष्ट समजायला वेळ लागत नाही. आमच्याकडे सतार-तंबोऱ्याची गल्ली आहे. तिथल्या मिरजकर कारागिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यात गेल्या, आणि २०२४ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोरा एकदा विकला की संपले असे तिथे नसते. घोडीवरची जवारी झिजते, ती पुन्हा काढावी लागते, आणि गवई ती काढून घ्यायला लांबून मिरजेला येतो किंवा कारागीर त्याच्याकडे जातो. भोपळ्यावर कितीही सुंदर नक्षी करा, जवारी काढणारा हात नसेल तर तो तंबोरा शोभेचा. जावाला सध्या नक्षी करणारे पुष्कळ मिळाले आहेत.

कोणी म्हणेल, मास्तर, दिवस बदलले. २०२० पासून बीएस-६ आले, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आले, सेन्सर आले. पत्र्याच्या खोलीतला माणूस यात काय करणार? मान्य आहे. गेल्या पावसाळ्यात उस्तादांच्या गॅरेजवर एक नवी गाडी आली होती. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण रोग सगळ्यांचाच आहे. मीटरवर पिवळा दिवा लागला होता. उस्तादांनी कान लावून इंजिन ऐकले, प्लग काढून पाहिला, वायरी चाचपल्या. बिघाड किरकोळ असावा असे त्यांना वाटत होते, पण नेमका कुठे ते सांगायला कंपनीचा स्कॅनर लागतो आणि तो बाहेर देत नाहीत. शेवटी गाडी टेम्पोत घालून दुसऱ्या शहरात गेली. संध्याकाळी उस्ताद मला म्हणाले, "मास्टर, आजकलकी गाड्यां अच्छ्या हैं. मेरेकू दुश्मनी नै. पन खोलनेच नै देते तो मैं सीखूं कैसा?"

त्यांचा मुलगा अर्ज घेऊन आला तो याच दिवसानंतर.

मला वाटते, जावा-येझदीने हीच गोष्ट उचलावी. दुसरी कुठलीही कंपनी करत नाही ते करावे. निम्म्या गाड्या बंद कराव्यात, एक जावा आणि एक येझदी ठेवावी, दोन्हींना एकच इंजिन. आणि जाहीर करावे की या गाडीचा प्रत्येक पार्ट वीस वर्षे मिळेल, किंमत छापील असेल, आणि कुठल्याही मिस्त्रीला मिळेल. दुरुस्तीचे पुस्तक खुले करावे, तेही मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू, तमिळमध्ये. स्कॅनर परवडेल अशा दरात विकावा. आयटीआय झालेल्या आणि न झालेल्याही कामगारांना पंधरा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि गॅरेजच्या दारावर लावायला एक पाटी द्यावी. ज्या माणसाने तुमच्या मागे बावीस वर्षे तुमचे नाव राखले, त्याला पत्र्याची एक पाटी द्यायला काय जाते? उस्ताद ती रोज सकाळी पुसतील, हे मी लिहून देतो.

कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. २०२५ साली तिने चार वर्षे किंवा पन्नास हजार किलोमीटरची वॉरंटी जाहीर केली. हे पाऊल योग्य दिशेने आहे आणि गिऱ्हाइकाची भीती कुठे आहे ते तिला कळल्याचे लक्षण आहे. पण वॉरंटी ही कंपनी आणि मालक यांच्यातली गोष्ट. पाचव्या वर्षी गाडी दुसऱ्याच्या हातात जाते, आठव्या वर्षी तिसऱ्याच्या. तिथून पुढे ती कुणाच्या भरवशावर चालायची? जुन्या येझदीचे नाव पहिल्या मालकाने केले नाही, तिसऱ्या-चौथ्याने केले.

बाहेरच्या मिस्त्रीच्या हातात दिले तर तो बिघडवेल, प्रदूषणाच्या यंत्रणेशी खेळेल, ही शंका खरी आहे. असे करणारे आहेत. सेन्सरची वायर कापून दिवा विझवणारे मी स्वतः पाहिले आहेत. पण वायर तो का कापतो? त्याला दुसरे काही करता येत नाही म्हणून. शिकवाल तर कापणार नाही. कुलूप घट्ट करून चोरी थांबते, अडाणीपणा थांबत नाही, हे वीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्याला कुणी सांगायला नको. शिवाय सरकारनेही याचा विचार सुरू केला आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीचा हक्क, यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टल काढले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरातली उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही आहेत. अजून त्याला कायद्याचे दात नाहीत. उद्या सक्ती झाल्यावर सगळेच करतील. आज आपणहून करणाऱ्याचे नाव होईल.

पैशाचा प्रश्न उरतो. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २०२५च्या सप्टेंबरात अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा चाळीसवर गेला. जावा आणि येझदीच्या गाड्या स्वस्त बाजूला आल्या, साडेसहाशेची बीएसए महाग बाजूला. असा वारा रोज पाठीशी नसतो. हा पैसा आणि वेळ आणखी एका नव्या रंगाच्या टाकीवर घालवू नये एवढेच म्हणणे. काहीजण सुचवतात की आता विजेची जावा काढा. काढा, पण तिची बॅटरी गावात कोण दुरुस्त करणार ते आधी ठरवा, नाहीतर पुन्हा टेम्पो आलाच.

नावावरून कोर्टकचेरी मात्र जोरात झाली. येझदी या नावाचा मालक कोण, बंद कंपनीचा लिक्विडेटर की इराणी कुटुंब, हा वाद कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. २०२२च्या डिसेंबरात एका न्यायमूर्तींनी लिक्विडेटरच्या बाजूने निकाल दिला, मग अपील झाले. कायद्यात नाव ही मालमत्ता असते हे मला समजते. माझ्या डोक्यात एवढेच येते की पत्र्याच्या डब्यांतल्या त्या ज्ञानावर हक्क सांगायला कुणीच कोर्टात गेले नाही. ते उस्तादांबरोबर एक दिवस कब्रस्तानात जाईल.

आणि हा फक्त गाडीचा प्रश्न नाही, म्हणून इतके लिहितो आहे. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने नोंदवले होते की मुस्लिम कामगार नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत. आकडे बाजूला ठेवा, आपापल्या गावात मोजा. पंक्चर, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग, सीटकव्हर, मोटर बांधणे, गॅरेज. आपल्या मोहल्ल्यातली किती घरे या पान्यावर चालतात? गाड्यांची झाकणे कंपनीच्या कुलपात जात चालली तशी ही घरे हळूहळू कामाबाहेर जात आहेत, आणि त्यावर कुठे परिसंवाद होत नाही. आपण मुलांना सांगतो, शिका, पानापकड सोडा. मीही सांगितले आहे. या उस्तादांच्या मुलालाही आठवीत सांगितले होते, तेव्हा तो खाली मान घालून बसला होता. आता तोच शिकायचे म्हणतो, पण पानापकड न सोडता शिकायचे म्हणतो. चूक माझी होती असे मला वाटायला लागले आहे. बीएडला आम्हाला ज्ञानरचनावाद शिकवला, करून शिकणे शिकवले, आणि ज्याच्या घरी करून शिकणे पन्नास वर्षे चालले होते त्याला मी ते सोडायला सांगत होतो.

अब्बांची रोडकिंग अजून आहे. २०११ला ते गेले, तेव्हापासून ती उस्तादांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असते. महिन्यातून एकदा ते तिला किक मारतात. पुण्याहून दोनदा लोक विकत घ्यायला आले, चांगली रक्कम सांगत होते. मी नाही म्हणालो, पण त्याचे कारण भावना एवढेच नाही. त्यांना गाडी हॉटेलात शोभेला ठेवायची होती.

अर्ज लिहून झाला आहे. उस्तादांना वाचून दाखवला. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. 'नम्र विनंती' ठेवा, 'उपकार होतील' काढा. दुसरी, पत्ता मैसूरचा घाला. मी म्हटले, उस्ताद, मैसूरला आता काही नाही, गाडी पीथमपूरला बनते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तो वहां भेजो." मुलाने सोबत जोडायला आयटीआयचे प्रमाणपत्र आणि गॅरेजचे शॉप अॅक्टचे लायसन्स दिले आहे. सोमवारी पोस्टात जाऊन रजिस्टर करतो.